चालतंय म्हणजे झालं नव्हे

प्रिय छकुले,



तुमची सहा जणांची टीम कॉलेजच्या फेरीतून पुढे गेली आणि डाळिंबाच्या पानाफळाचा फोटो बघून तेल्या रोग ओळखणारं अ‍ॅप करायचं तुम्ही ठरवलंय, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मनापासून आनंद झाला. ज्या घराने तेल्यापायी उभी बाग काढून टाकलेली पाहिली आहे, त्याच घरातली मुलगी त्या रोगावर काम करायला बसते आहे. माझ्यासाठी ही नुसती स्पर्धा राहिलेली नाही.

अशा हॅकेथॉनमध्ये कधी मेंटॉर म्हणून, कधी ज्युरीत बसून मी बऱ्याच टीम जवळून पाहिल्या आहेत. त्यातून माझं जे मत झालं आहे, ते तुम्ही कामाला लागायच्या आत तुझ्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. तुझ्या पाचही सोबत्यांना ते वाचून दाखव. मत एवढंच आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी अ‍ॅप करणं सोपं करून टाकलं, पण केलेलं खरं उतरतंय का हे पारखणं होतं तितकंच अवघड राहिलं. तेव्हा तुमच्या छत्तीस तासांतले निम्मे तास पारखायला ठेवा.

हे काही माझ्या पदरचं नाही. हॅकेथॉन या प्रकाराची सुरुवातच पारखणाऱ्या लोकांनी केली. जून १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात ओपनबीएसडी या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र जमले. माहिती कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरवर तेव्हा अमेरिकेचे निर्यात-निर्बंध होते, म्हणून त्यांनी अमेरिकेबाहेरची जागा निवडली. ती स्पर्धा नव्हती. कोडची ओळन् ओळ तपासण्यासाठीच ओळखले जाणारे हे लोक शेजारी शेजारी बसून काम करायला आले होते. आपल्याकडे २०१७ साली स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झालं आणि ही पद्धत गावोगावच्या कॉलेजांत पोचली. मंत्रालयं, सरकारी संस्था आणि कंपन्या आपापल्या अडचणी मांडतात, कॉलेजात आधी अंतर्गत फेरी होते आणि सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत सहा जणांची टीम सलग छत्तीस तास काम करते. तुमची स्पर्धाही त्याच धर्तीची दिसते.

सुरुवातीच्या वर्षांत हे छत्तीस तास लॉगिनचं पान, डेटाबेस आणि सर्व्हर यांतच खपायचे. पहाटे कधीतरी स्क्रीनवर पहिलं पान दिसलं की टीम टाळ्या पिटायची, आणि तो आनंद रास्त होता. आता उद्घाटनाची भाषणं होऊन दुपारचं जेवण उरकेपर्यंत प्रत्येक टेबलावर नेटकं अ‍ॅप उभं असतं. निळ्या-जांभळ्या छटेची तीच पानं, गोल कोपऱ्यांच्या त्याच चौकटी, कोपऱ्यात तसाच चॅटबॉट. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून दर वर्षी हे काम आणखी झटपट होत गेलं. त्यामुळे अ‍ॅप चालतंय का, असं ज्युरी आता फारसं विचारत नाही. ते कोणासाठी आहे, खरं सांगतं का, आणि चुकलं तर त्याची किंमत कोण मोजणार, हे आम्ही विचारतो. बहुतेक टीम याच प्रश्नांवर गप्प होतात, कारण त्यांचा सगळा वेळ आणखी एक सोय जोडण्यात गेलेला असतो.

या साधनांच्या पोटात काय चालतं ते थोडं समजून घे, म्हणजे त्यांच्यावर कुठे भार टाकायचा ते कळेल. २०१७ साली गूगलमध्ये झालेल्या संशोधनातून आठ जणांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. तू ज्या साधनांशी बोलतेस ती तिच्यावरच उभी आहेत. त्या आठांतल्या निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी कॉलेजात शिकलेल्या, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी दूर कुठेतरी, आपल्यासारख्या नसलेल्या माणसांच्या हातून घडतात असं तुला कधी वाटू नये. या रचनेवरचं भाषा-मॉडेल अफाट मजकूर वाचून तयार होतं, आणि समोर असलेल्या मजकुरापुढे काय येण्याचा सर्वाधिक संभव आहे, ते तुकड्यातुकड्याने लिहीत जातं. लॉगिन, फॉर्म, याद्या हे जगात लाखो वेळा लिहून झालंय, म्हणून त्यात त्याचा हात बसलेला असतो. सांगोल्याच्या माळरानावरच्या बागेबद्दल त्याने फारच थोडं वाचलंय. पण दोन्ही गोष्टींवर ते सारख्याच ठामपणे बोलतं. बोलण्याच्या धाटणीवरून माणसाची माहिती किती पक्की हे आपण ओळखतो. इथे ती खूण चालत नाही.

आता तुझ्या विषयाकडे येते. पिकावरचा रोग फोटोवरून ओळखायचाय असं म्हटलंस की साधन तुला बहुधा प्लांटव्हिलेज या फोटोसंग्रहाकडे नेईल. मोहंती, ह्यूज आणि सलाथे या तिघांनी त्यावर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. बाजूला काढून ठेवलेल्या फोटोंवर त्यांचं मॉडेल ९९.३५ टक्के अचूक ठरलं. हा आकडा पुष्कळ विद्यार्थ्यांच्या पीपीटीत पहिल्याच पानावर असतो. त्याच लेखात पुढे काय लिहिलंय ते फार थोडे वाचतात. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरून गोळा केलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. लेखकांनी ती गोष्ट दडवली नाही, स्वतःच मांडली. मला त्या लेखातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

एवढी घसरण का झाली असेल? संग्रहातली बरीचशी पानं खुडून, साध्या एकरंगी पृष्ठभागावर ठेवून टिपलेली आहेत. २०२२ मध्ये नोयन या संशोधकाने एक प्रयोग केला. पान बाजूलाच ठेवलं, प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घेतले आणि त्यांवर मॉडेल शिकवलं. पीक आणि रोग मिळून ३८ गट आहेत. नुसत्या अंदाजाने बोट ठेवलं तर २.६ टक्के उत्तरं बरोबर यावीत. या मॉडेलची ४९ टक्के बरोबर आली. पानाकडे न बघता, निव्वळ मागच्या रंगावरून आणि उजेडावरून! संगणकाने रोग शिकलाय असं आपल्याला वाटत राहतं, आणि तो फोटो कसा काढला तेवढंच शिकलेला असतो. शिवाय त्या १४ पिकांत डाळिंब नाहीच. तेव्हा तो संग्रह सरावाला घे, पण त्याच्या आकड्याच्या जोरावर शेतकऱ्याला शब्द देऊ नकोस.

म्हणून स्पर्धेआधीचे रविवार बागेत घालवा. दोन-चार वेगवेगळ्या बागा निवडा, मालकांना विचारून फोटो काढा, सकाळचे, भर उन्हातले, पावसानंतरचे, साध्या मोबाइलवरचे. मग फोटोंची वाटणी बागेप्रमाणे करा. काही बागा शिकवायला, आणि एक पूर्ण बाग परीक्षेसाठी राखून ठेवा, तिचा एकही फोटो मॉडेलला आधी दाखवायचा नाही. सगळे फोटो एकत्र करून पत्ते पिसल्यासारखी वाटणी करायचा कोड साधन तुला क्षणात लिहून देईल, कारण सगळीकडे तोच असतो. पण त्यात एकाच फळाचे दोन फोटो दोन्हीकडे जातात आणि मॉडेल पाठांतरावर पास होतं.

बाजार समितीत डाळिंबाचा जाणता व्यापारी क्रेटच्या वरच्या थरावर भाव करत नाही, हात घालून तळातली फळं वर काढतो. मॉडेलची परीक्षा तशी घ्या. हललेले, सावलीतले, बोट आडवं आलेले, धुळीने माखलेल्या पानांचे फोटो त्याच्यापुढे ठेवा. शेतकरी तसेच फोटो पाठवणार आहे.

एकट्या टक्केवारीवरही जाऊ नका. समजा, परीक्षेच्या १०० फोटोंत ९५ निरोगी आणि ५ रोगट आहेत. प्रत्येक वेळी ‘निरोगी’ एवढंच म्हणणारा प्रोग्राम ९५ टक्के अचूक ठरेल आणि एकही रोगट फळ पकडणार नाही. म्हणून चार घरांचा तक्ता करा: रोग होता आणि ओळखला, रोग होता आणि सुटला, नव्हता आणि उगाच सांगितला, नव्हता आणि नाही म्हटलं. मग प्रत्येक चुकीपुढे तिची किंमत लिहा. तेल्या सुटला तर पावसाच्या शिंतोड्यांबरोबर आणि वाऱ्याबरोबर तो शेजारच्या झाडांवर जातो. नसलेला तेल्या दाखवला तर विनाकारण फवारणीचा खर्च पडतो. दोन्ही चुका सारख्या नाहीत, आणि कोणती अधिक टाळायची हे साधन ठरवू शकत नाही. ते बाग सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला विचारून तुम्ही ठरवायचं.

तेल्याविषयी तुला माझ्याहून जास्त माहीत असेल, पण टीममधल्या शहरी मुलांसाठी लिहिते. तो जिवाणूमुळे होतो. पानावर, फांदीवर, फळावर आधी पाणी मुरल्यासारखे तेलकट डाग येतात, मग ते काळपट होतात, आणि फळ इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’च्या आकारात तडकतं. बुरशीमुळे पडणारे ठिपके लांबून बरेचसे तसेच दिसतात, आणि उन्हाने भाजलेली सालही फसवते. बुरशीसाठीच्या औषधाने जिवाणू आटोक्यात येईलच असं नाही. म्हणजे नाव चुकलं की पुढचा सगळा खर्च चुकतो. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तर तुमच्या सोलापुरातच आहे, २००५ पासून. तुमच्या फोटोंना रोगाचं नाव देण्याचं काम त्या क्षेत्रातल्या जाणकारांकडून करून घ्या. नावंच चुकीची असतील तर मॉडेल ती चूक इमानदारीने शिकेल.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. औषधाचं नाव आणि पाण्यात किती मिसळायचं ते प्रमाण भाषा-मॉडेलला लिहू देऊ नका. ते छान मराठीत, आपुलकीने, चुकीचा आकडा लिहून मोकळं होईल. अधिकृत शिफारशी तुम्ही स्वतः एका तक्त्यात भरा, जाणकाराकडून तपासून घ्या, आणि अ‍ॅपला त्या तक्त्यातूनच जसंच्या तसं उचलायला सांगा. मॉडेलचा विश्वास कमी असेल तेव्हा पडद्यावर सरळ येऊ द्या: ‘या फोटोवरून सांगता येत नाही, जवळून आणखी एक फोटो काढा.’ तरीही जमलं नाही तर खाली किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनाशुल्क क्रमांक द्या. ही सेवा २००४ पासून चालू आहे आणि मराठीतही उत्तर मिळतं. आपली हद्द ओळखणारं अ‍ॅप मी अधिक गुणांचं मानते.

आता कोडविषयी. साधनाकडून कोड जरूर लिहून घ्या, त्यात कमीपणा नाही. पण सहा जणांपैकी कोणालाही उठवून, ही फाइल काय करते, असं विचारलं तर सांगता आलं पाहिजे. जो भाग कोणालाच समजावता येत नाही तो काढून टाका, मग तो कितीही देखणा असो. अपेक्षित उत्तरं आधी वहीत लिहा आणि मग कोड मागा. कोड आणि त्याची चाचणी दोन्ही एकाच साधनाला एकदम लिहायला लावली, तर चाचणी त्या कोडच्या सोयीची होऊन बसते. ही साधनं कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव सुचवतात, आणि त्याच नावाने घातक कोड टाकून ठेवणारे लोक आहेत. तेव्हा नवी लायब्ररी घेताना तिचं मूळ पान उघडून बघा. एपीआय की कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नका. अशा किल्ल्या हुडकत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. एखादा भाग नीट चालला की लगेच कमिट करा. पहाटे चार वाजता साधनाला ‘सगळं दुरुस्त कर’ म्हटलं की ते चालणारंही बदलून ठेवतं, तेव्हा मागे जायला वाट हवी.

शेतकऱ्याच्या फोटोत बागेचं ठिकाण लपलेलं असू शकतं, सोबत त्याचा फोन नंबर येतो. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी, लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती परक्या सर्व्हरवर पाठवण्याआधी त्यांना विचारणं हे आपलं कर्तव्यच आहे. फोटोतलं ठिकाण आधी पुसा, नंबर लागत नसेल तर मागूच नका.

आणि बाळा, हे फक्त तुझ्यासाठी. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या टीममध्ये किमान एक मुलगी हवी असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण कितीतरी टेबलांवर मी बघते, मॉडेल आणि सर्व्हर मुलांकडे, आणि पीपीटी व निवेदन मुलीकडे. ‘तू छान बोलतेस’ हे कौतुक खरं असतं, तरी त्यापायी रात्रभर तिच्या हाताखाली कोड येतच नाही. तू छान बोलतेस हे मला माहीत आहे. तरीही पहिल्याच बैठकीत सांग की मॉडेलच्या चाचणीचं काम माझं. बागा तुझ्या ओळखीच्या आहेत आणि रोग तू डोळ्यांनी पाहिलेला आहेस. ते काम टीममध्ये तुझ्याइतकं कोणी चांगलं करणार नाही. निवेदन सहाही जणांनी वाटून घ्या.

वेळेचं म्हणशील तर, पहिल्या दोन तासांत कोणीही लॅपटॉप उघडू नये. कोणाची कोणती अडचण आपण सोडवतो हे एका वाक्यात कागदावर लिहा आणि भिंतीला लावा. मग अर्ध्या वेळात मोजकं काम पूर्ण करा: फोटो घ्यायचा, उत्तर द्यायचं, खात्री नसेल तर तसं सांगायचं. हवामान, बाजारभाव, चॅटबॉट यांचा मोह येईल, साधन ते चुटकीसरशी करूनही देईल. नको म्हणा. उरलेला अर्धा वेळ राखून ठेवलेल्या बागेचा. रात्री पाळीपाळीने झोपा. तारवटलेल्या डोळ्यांना चुका दिसत नाहीत आणि तुमचं मुख्य काम चुका बघण्याचंच आहे. मेंटॉर आले की त्यांना चाललेलं दाखवू नका, अडलेलं दाखवा. तीच मदत पुढे कामाला येते.

ज्युरीपुढे उभी राहशील तेव्हा अचूकतेचा मोठा आकडा सांगून सुरुवात करू नकोस. आधी सांग की ही बाग मॉडेलने कधीच पाहिली नव्हती, तिथले इतके फोटो दिले, इतके बरोबर आले, इतके चुकले, आणि चुकले ते या कारणाने. आकडा साठ निघाला तर साठच सांग. आमच्यासमोर दिवसभर नव्याण्णववाले येऊन जातात. आपल्या साठचा हिशेब देता येणारी टीम आली की आम्ही खुर्चीत सावरून बसतो, कारण या मुलांच्या हाती पुढे काही सोपवता येईल याची ती खूण असते.

बक्षीस मिळालं तर घरात सगळ्यांना आनंदच होईल. पण बरेचसे प्रकल्प निकालानंतरच्या सोमवारी बंद पडतात. कोणी सर्व्हरचे पैसे भरत नाही, कोणी फोटो वाढवत नाही. साधनांमुळे नवं अ‍ॅप उभं करणं एवढं सोपं झालं की जुनं सांभाळावंसंच कोणाला वाटत नाही. शेतकऱ्याला मात्र पुढच्या मृग बहाराला तेच अ‍ॅप उघडायचं असतं. तेव्हा निकाल काहीही लागला तरी तुमचा चुकांचा तक्ता घेऊन सोलापूरच्या संशोधन केंद्रात जा, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, आणि ज्यांच्या बागेत फोटो काढले त्यांना काय निघालं ते सांगून या. एका पावसाळ्याचे फोटो जमले की मॉडेल पुन्हा शिकवा आणि पुन्हा तपासा. तुम्ही सहा जणांनी एवढं केलंत, तर त्या छत्तीस तासांचं खरं चीज झालं असं मी म्हणेन.

तुझी,
मावशी